बंदुकीची दारू शिंगातच का ठेवत?

आल्बनीकर
नमस्कार मंडळी. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, लेक शॅम्प्लेनच्या काठावर फोर्ट टिकॉन्डरोगा नावाचा किल्ला आहे. बांधला फ्रेंचांनी, तेव्हा नाव होतं कॅरिलॉन. १७५९ मध्ये तो ब्रिटिशांनी घेतला आणि १७७५ च्या मे महिन्यात अमेरिकन बंडखोरांनी. भारतातून पाहुणे आले की नायगारा उरकल्यावर आम्ही त्यांना इकडे नेतो. राजगड-तोरणा चढलेली माणसं "एवढुस्साच?" म्हणतात, ते सोडा.

तिथल्या संग्रहालयात दारू बाळगायच्या शिंगांचा मोठा साठा आहे. साध्या गाईबैलांची शिंगं, पण घासून काही ठिकाणी इतकी पातळ केलेली की पलीकडचा उजेड दिसतो. आणि वर कोरीवकाम. मालकाचं नाव, साल, कुठल्या किल्ल्यावर होता ते, गलबतं, मासे, इंग्लंडच्या राजाचं राजचिन्ह. काहींवर तर हडसन आणि मोहॉक नद्यांच्या खोऱ्याचा अख्खा नकाशा, वाटेतल्या ठाण्यांसकट.

प्रश्न असा की शिंगच का? पितळ होतं, लाकूड होतं, चामडं होतं. शिवाय लढाईच्या धामधुमीत एवढं बारीक कोरायला वेळ कुणाला होता? आणि आपल्याकडे तोड्याच्या (पेटत्या वातीनं उडणाऱ्या) बंदुका वापरणारे दारू कशात नेत? जाणकारांनी लिहावं.

रिकामटेकडा
शिंग फुंकलं की रणशिंग, भरलं की बारूददान. दोन्ही एकाच वेळी करू नये एवढंच मला कळतं. बाकी चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

नदीकाठ
उत्तर सोपं आहे. धातूवर धातू घासला की ठिणगी पडते आणि दारूला ठिणगीचं वावडं. शिंगाची ठिणगी पडत नाही. विषय संपला.

ठासणीवाला
@नदीकाठ, विषय संपला नाही, सुरू झालाय.

मी पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि इथल्या ठासणीच्या बंदुकांच्या क्लबात बरीच वर्षं जातो, म्हणून थोडं हातचं लिहितो. ठिणगी पडते ती लोखंड-पोलादाची. तांबं-पितळ ठिणगी टाकत नाही. म्हणून तर दारूच्या कारखान्यांत अवजारं तांब्या-पितळेची असत आणि पिंपांना लोखंडाऐवजी लाकडाचे किंवा तांब्याचे कडे. एकोणिसाव्या शतकात शिंग मागे पडलं ते कशामुळे? इंग्लंडमध्ये शेफील्डला तांब्या-पितळेचे चपटे बुधले यंत्रावर ठोकून निघायला लागले, तोंडाशी स्प्रिंगचं झाकण आणि मापाची नळी असलेले. ठिणगी हेच कारण असतं तर लोकांनी शिंग टाकून पितळ घेतलंच नसतं.

खरं कारण म्हणजे शिंग फुकट होतं. गावोगाव गुरं कापली जात, शिंगं पडून असत. पाणी आत शिरत नाही, पडलं तर फुटत नाही, वजन काही नाही, आणि एका टोकाला रुंद नि दुसऱ्या टोकाला निमुळतं, म्हणजे नरसाळं निसर्गानंच करून दिलेलं. बाक असा की कमरेला बरोब्बर टेकतं. डाव्या आणि उजव्या शिंगाचा पीळ उलटा असतो, त्यामुळे तुम्ही ज्या बाजूला लटकवणार त्या बाजूचं शिंग निवडावं लागतं. चुकीच्या बाजूचं घेतलं तर चालताना टोक बरगडीत टोचत राहतं, स्वानुभव.

नदीकाठ
ओके, पितळेबद्दलचं मान्य. पण मग अठराव्या शतकात पितळेचे का नव्हते? होतेच की श्रीमंतांकडे. म्हणजे ठिणगी गौण आणि पैसा मुख्य, असं म्हणायचंय का?

ठासणीवाला
होय. जंगलकाठच्या शेतकऱ्याला पितळेचा बुधला परवडत नव्हता.

सदाशिवपेठी
म्हणजे टाकाऊतून टिकाऊ. आमच्या शाळेत हस्तकलेच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्या आणायला सांगत, नशीब.

मोगरा
ठासणीवाला, तुम्ही स्वतः केलंय का शिंग? असेल तर सविस्तर लिहा ना. धागा वाचनखुणांत टाकलाय.

ठासणीवाला
मोगराताई, केलंय. घरच्यांनी मात्र परत करू दिलं नाही.

खाटकाकडून शिंग आणलं की आत हाडाचा गाभा असतो. तो काढायला शिंग पाण्यात उकळायचं, मग गाभा सैल होऊन ठोकल्यावर निसटतो. ही पायरी घराबाहेर करावी, कारण वास जळक्या केसांचा आणि शिळ्या मांसाचा एकत्र येतो. शेजारीण विचारायला आली होती की आमच्याकडे सगळं ठीक आहे ना.

नंतर आत तार घालून पोकळी कुठवर गेलीय ते मोजायचं. टोकाकडचा बराच भाग भरीव असतो. तेवढा अंदाज घेऊन टोक कापायचं आणि तिथून बारीक भोक पाडत पोकळीला मिळवायचं. इथे गिरमिट तिरकं गेलं की ते बाजूनं बाहेर येतं आणि शिंग बाद. बुडाकडची बाजू कधीच गोल नसते. ती गरम पाण्यात मऊ करून लाकडाच्या निमुळत्या ठोकळ्यावर दाबून बसवायची, गार झाली की तोच आकार धरते. मग तिथे पाइन, चेरी किंवा अक्रोडाच्या लाकडाचं बूड बसवायचं, लाकडी खुंट्या मारायच्या, फट मेणानं बुजवायची. तोंडाला लाकडाची खुंटी. बाहेरून काचेच्या तुकड्यानं खरवडत बसायचं, केस विंचरल्यासारखे तलम पापुद्रे निघतात. जितकं पातळ तितकं बरं, कारण उजेडासमोर धरलं की आत किती दारू उरली ते दिसतं. पितळेच्या बुधल्यात हे कुठून दिसणार?

कोरायला टोकदार चाकू पुरतो. रेघांत काजळी किंवा शाई चोळायची आणि वरची पुसून टाकायची. माझं कोरीवकाम विचारू नका, हरीण काढायला गेलो त्याचं गाढव झालं.

आणि एक महत्त्वाचं. सिनेमात दाखवतात तसं शिंगातून थेट नळीत दारू ओतत नाहीत. आधीच्या बाराची धुगधुगी नळीत राहिलेली असू शकते. ती पेटली तर हातात अर्धा पौंड दारूचं शिंग असतं. म्हणून आधी छोट्या मापात काढायची, शिंगाला खुंटी लावायची, मगच मापातली दारू नळीत. माप पुष्कळदा शिंगाच्या किंवा सांबरशिंगाच्या तुकड्याचंच असे.

रिकामटेकडा
हरणाचं गाढव झालं त्याचा फोटो टाका. लोकशाही आहे.

कोष्टक
एक हिशेब करून पाहिला. अर्धा पौंड म्हणजे साधारण २२५ ग्रॅम. रायफलीच्या एका बाराला ५ ग्रॅमच्या आसपास धरले तर एका शिंगात ४०-४५ बार. पण ब्रिटिश पायदळाच्या 'ब्राउन बेस' बंदुकीचं काडतूस कान्याच्या (बार पेटवणाऱ्या भोकाशी घालायच्या) दारूसकट सुमारे साडेदहा ग्रॅमचं होतं, म्हणजे तेच शिंग वीस-एकवीस बारांत रिकामं. शिकाऱ्याला शिंग भरपूर पुरणार, शिपायाला नाही.

ठासणीवाला
@कोष्टक, हिशेब बरोबर. म्हणूनच कवायती फौजेनं शिंग सोडलं. कागदी काडतुसात मोजलेली दारू आणि गोळी एकत्र असते. दातानं कागद फाडायचा, थोडी कान्यावर, बाकी नळीत, वरून गोळी नि कागद, गजानं ठासायचं. सराव असलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. शिंग-मापवाल्या रायफलीला एका बाराला मिनिटभर सहज लागे. शिंग उरलं ते स्थानिक शेतकरी-शिपायांकडे, शिकाऱ्यांकडे आणि रायफलवाल्यांकडे. नेपोलियनविरुद्ध लढलेल्या ब्रिटिशांच्या ९५व्या रायफल पलटणीकडे काडतुसांच्या जोडीला शिंगही असे, कारण नेम धरून मारायचा तर बारीक दारू मोजून घातलेली बरी. तोफखान्यातही काना भरायला शिंग बराच काळ टिकलं.

सतराव्या शतकात युरोपात आणखी एक प्रकार होता. खांद्यावरून तिरका पट्टा आणि त्याला लोंबणाऱ्या लाकडी कुप्या, एकेका कुपीत एकेक बार. पळताना सगळ्या खडखड वाजत. रात्री छापा घालायला अगदीच निरुपयोगी. कॉकेशसमधले लोक त्याच कुप्या छातीवरच्या शिवलेल्या कप्प्यांत घालत. हल्ली त्यांच्या नाचाच्या पोशाखात त्या शोभेपुरत्या उरल्यात.

१८५७चा_पोरगा
दातानं काडतूस फाडायचं म्हटलं की आपल्याला एकच आठवणार. चरबी, मंगल पांडे, बराकपूर! शिंग चालू ठेवलं असतं तर कंपनी सरकार वाचलं असतं की काय?

बखरवाचक
सत्तावन्न एका काडतुसामुळे झालं नाही, आणि त्यावर इथे आधीच ढीगभर धागे आहेत. तिकडे जा.

मूळ धाग्यातल्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. आपल्याकडे बारूददानं अनेक प्रकारची होती. लाकडाची, चामड्याची, पितळेची, म्हशीच्या शिंगाची. गुजरातेत शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी मढवलेली. शंखाला पितळी तोंड बसवून केलेलीही सापडतात. मोगलांकडची हस्तिदंती तर इतकी नाजूक की एका टोकाला काळविटाचं डोकं कोरलेलं आणि त्याच्या आसपास आणखी प्राणी गुंतवलेले. ती मोठ्या दारूची नव्हेत, काना भरायची, म्हणजे रंजकाची. रंजक बारीक लागते आणि थोडी लागते. म्हणून बंदूकवाल्याकडे दोन पात्रं, एक मोठं नि एक लहान. अमेरिकेतही तसंच, मोठ्या शिंगाबरोबर एक छोटं शिंग.

आता खरी गंमत. आल्बनीकर, तुम्ही पाहिलेल्या शिंगांत जी दारू होती तिचा पाऊण हिस्सा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा क्षार. ब्रिटिशांचा सोरा अठराव्या शतकात मुख्यतः यायचा कुठून? बिहारमधून. पाटण्याच्या आसपास नोनिया जमातीचे लोक जुन्या भिंतींची, गोठ्यांची, उकिरड्याची खारट माती खरवडत. गुरांच्या मुतानं आणि शेणानं मुरलेल्या मातीत सोरा धरतो. ती माती पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून स्फटिक काढत. मग तो नावेनं कलकत्त्याला आणि तिथून विलायतेला. जहाजाच्या तळाला भार म्हणूनही तोच भरत. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, कंपनीनं मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. त्याच सुमारास फ्रेंचांचं चंद्रनगर पडलेलं, त्यामुळे बंगालच्या सोऱ्याचा त्यांचा रस्ता बंद. म्हणजे टिकॉन्डरोगावर १७५९ ला जे लढले त्यांतल्या एका बाजूची दारू बिहारच्या गोठ्यातली आणि शिंग मॅसॅच्युसेट्सच्या गोठ्यातलं.

मोगरा
बखरवाचक, दंडवत! हे कुणी सांगितलंच नव्हतं.

नदीकाठ
मग १७७५ नंतर ब्रिटिशांशीच भांडण झाल्यावर अमेरिकनांना दारू कोण देत होतं?

बखरवाचक
हाल झाले. १७७५ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनबाहेर तळ ठोकून बसलेल्या वॉशिंग्टनला कळलं की दारू माणशी नऊ बार पुरेल एवढीच आहे. तो अर्धा तास एक शब्द बोलला नाही, असं त्याच्याच एका सेनाधिकाऱ्यानं पत्रात लिहून ठेवलंय. पुढे दारू आणि सोरा बाहेरूनच आला, फ्रान्सकडून मोठ्या प्रमाणात. फ्रान्सनं बंगाल हातचं गेल्यावर घरचा सोरा वाढवायच्या मागे लागून १७७५ मध्ये सरकारी दारूखातं नव्यानं उभं केलं. त्याच्या कारभाऱ्यांत लव्हॉझिए होता. हो, रसायनशास्त्राच्या पुस्तकातला, ऑक्सिजनवाला तोच.

सदाशिवपेठी
नववीत लव्हॉझिएवर चार गुणांचा प्रश्न होता. दारूचं सांगितलं असतं तर मन लावून वाचला असता.

धडपड्या
सोरा, गंधक, कोळसा यांचं नेमकं प्रमाण नि घरी करायची कृती कुणी देईल का? दिवाळीसाठी विचारतोय.

संपादक मंडळ
स्फोटकांच्या कृती इथे विचारू वा देऊ नयेत. यानंतर असे प्रतिसाद उडवले जातील. बाकी चर्चा छान चालली आहे.

पशुवैद्य
दवाखान्यातून आत्ताच आलो, धागा सलग वाचला. गाभ्याबद्दल थोडी भर घालतो.

गाय-म्हैस-शेळीचं शिंग म्हणजे वर केराटिनचं टरफल, नखाच्या जातीचं, आणि आत कवटीचंच वाढलेलं हाड. मोठ्या जनावरात हे हाडही आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळातल्या सायनसशी जोडलेली असते. म्हणून बैलाचं शिंग बुडातून मोडलं की नाकातून रक्त येतं, शेतकरी घाबरतो. हरणकुळाचं वेगळं. सांबर, चितळ यांचं शिंग भरीव हाड, दरवर्षी गळतं आणि नवीन येतं. त्याचं पात्र करायचं तर आतून कोरून काढावं लागतं. जर्मनीकडे सोळाव्या-सतराव्या शतकात तसे बुधले करत, शिंगाला जिथे फाटा फुटतो तोच भाग घेऊन, त्यामुळे ते इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसतात. पोकळ टरफल आयतं मिळत असताना हा खटाटोप कशाला? शिकार ही तिकडे सरदार-दरकदारांची मिरवायची गोष्ट होती, त्यामुळे बुधलाही मारलेल्या हरणाचा हवा.

आमच्या खिल्लारांची शिंगं लांब खरी पण बारीक आणि मागे वळलेली. दारू फार मावणार नाही. पोळ्याला हिंगूळ लावून मिरवायला मात्र तीच.

ढगातला_जनू
बैलांच्या शिंगाचा कर्करोगही होतो ना? आमच्या मामाच्या बैलाला झाला होता.

पशुवैद्य
होतो, आपल्याकडच्या बैलांत बऱ्यापैकी दिसतो. शिंग एका बाजूला कलतं, जनावर डोकं हलवत राहतं, नाकातून रक्त येतं. लवकर आणलं तर शिंग काढून जनावर वाचतं. पण हा वेगळा धागा होईल, काढा तुम्ही, लिहितो.

मोगरा
मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कोरायला वेळ कुणाला होता. या शिंगांवर नावाच्या जोडीला पुष्कळदा चार ओळींची यमकं असतात. एक फार चालायचं, त्याचा भावार्थ असा की मी दारू आणि माझा भाऊ गोळा, दोघं मिळून शूरासारखे सगळ्यांना जिंकतो. ट्रकच्या मागे लिहिलेल्या शेरांचीच ही जात, एकानं लिहिलं की शंभर जण उतरवून घेतात.

आणि नाव घालायचं साधं कारण होतं. तळावर दारू सरकारी पिंपातून मिळे. सगळ्यांची शिंगं गोळा करून भरायला दिली की परत कुणाचं कुठलं ते कळायला हवं. लढाई रोज नव्हती. महिनोन्‌महिने किल्ल्यात बसून राहायचं, हिवाळ्यात तर बाहेर पडायची सोय नाही. वेळच वेळ.

आल्बनीकर
मोगरा, हे पटलं. इथला हिवाळा पाहिल्यावर तर नक्कीच. पण मग सगळ्यांचं अक्षर इतकं सुबक कसं? ठासणीवाल्यांचं गाढव आणि त्या शिंगांवरची अक्षरं यांत फार अंतर आहे. :)

ठासणीवाला
टोमणा पोचला. उत्तर असं की पुष्कळ शिंगं मालकानं कोरलेलीच नाहीत. वेगवेगळ्या नावांच्या शिंगांवर अक्षराचं वळण, वेलबुट्टी, प्राणी काढायची ढब एकसारखी सापडते, म्हणजे हात एकच. तळावर एखादा कसबी असे, पैसे घेऊन कोरून देई. त्यांतला सगळ्यात नावाजलेला जॉन बुश, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीचा कृष्णवर्णीय शिपाई. १७५५-५६ च्या सुमारास तो टिकॉन्डरोगाच्या दक्षिणेला असलेल्या लेक जॉर्जच्या तळावर होता. त्याचं अक्षर लफ्फेदार, पहिलं अक्षर वेलीसारखं फिरवलेलं, पुढच्या कोरणाऱ्यांनी त्याचीच नक्कल केली. १७५७ मध्ये फ्रेंचांनी तिथला फोर्ट विल्यम हेन्री हा किल्ला घेतला तेव्हा तो कैद झाला आणि परत घरी आला नाही. त्यानं कोरलेल्या शिंगांवर नावं मात्र गोऱ्या मालकांची.

मोगरा
शेवटचं वाक्य वाचून थांबले जरा.

नदीकाठ
आणि नकाशे? ते बघून वाट शोधत असतील का?

ठासणीवाला
मला नाही वाटत. वक्र पृष्ठभागावर नदी सरळ वर चढते, अंतरांचं प्रमाण नाही, किल्ले घरांच्या ओळीसारखे काढलेले. आल्बनीहून निघून वर लेक जॉर्जला जायची वाट शिपायाला तशीही पाठ असे, एकच तर होती. मी कुठे कुठे जाऊन आलो हे घरी दाखवायला ते नकाशे. १७६२ ला ब्रिटिशांनी हवाना घेतलं, त्याचीही शिंगं आहेत, बंदराच्या चित्रासकट. हवानाला न्यूयॉर्कचा नकाशा बघून कोण गेलं असेल?

बखरवाचक
इथे थोडा असहमत. आठवण म्हणून कोरले हे खरं, पण छापील नकाशा सामान्य शिपायाच्या हातात पडत नसे, त्या काळात ठाण्यांचा क्रम तरी शिंगावरून कळत होता. नवख्याला समजावून सांगायला उपयोग झालाच असणार. अगदीच शोभेचं म्हणता येणार नाही.

ठासणीवाला
क्रमापुरतं मान्य.

पिंपळपान
यांच्या किमती बऱ्याच असतात म्हणे. नकली पण असतील?

ठासणीवाला
भरपूर. शिंग खरोखर जुनं असतं, कारण साधी, न कोरलेली शिंगं पूर्वी ढिगानं मिळत. त्यावर नंतर कुणीतरी १७५८ आणि एखाद्या प्रसिद्ध किल्ल्याचं नाव कोरून ठेवतं. भिंगातून बघितलं की कळतं. वर्षानुवर्षं कमरेला घासून पडलेले ओरखडे कोरीव रेघेच्या वरून गेलेले हवेत. रेघच ओरखड्यांना कापत जात असेल तर ती नंतरची. तसंच जिथे अंगाला घासतं तिथे अक्षर पुसट झालेलं हवं. सगळीकडे सारखंच ठसठशीत असलं की पाकीट खिशात ठेवा.

खारेपाटणकर
एवढा वेळ नुसता वाचत होतो, आता राहवत नाही.

आमच्या कोकणात ठासणीची बंदूक अजून घरोघरी नसली तरी वाडीत एखादी असतेच. शेतसंरक्षणाचा परवाना, रानडुक्कर नि माकडांसाठी. आमच्या आजोबांकडे होती. आता दारू प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतात, पण आजोबांकडे शिंग होतं. काळंभोर, हातभर नाही पण वीतभराहून मोठं. बुडाला फणसाच्या लाकडाचं बूच, कडेनं राळ. तोंडाला खुंटी, ती दोरीनं बांधलेली, म्हणजे हरवायला नको. पावसाळ्यात दारू सर्द होते म्हणून आजोबा ते चुलीच्या वर, माळ्याच्या वाशाला टांगत.

कोष्टक
चुलीच्या वर????

रिकामटेकडा
शेंगदाणे घशात अडकले.

खारेपाटणकर
होय चुलीच्या वर, भरलेलं. आज्जीला हे बऱ्याच उशिरा कळलं. त्या दिवशी आजोबांना जेवण ओटीवर आणि शिंगाला मुक्काम गोठ्याच्या पडवीत. तिनं आयुष्यभर ते परत घरात घेऊ दिलं नाही. अजून आहे, बूच काढून नाकाशी नेलं तर जुन्या फटाक्यांसारखा वास येतो.

आमच्या घरात सगळे सांगतात ते गव्याचं शिंग आहे, पणजोबांनी दाजीपूरच्या जंगलाकडून आणलेलं.

बखरवाचक
शक्य आहे. सावंतवाडी-विजयदुर्ग पट्ट्यात गव्याच्या शिंगाच्या वस्तू करायचं जुनं कसब होतं. खोबरेल लावून विस्तवावर शेकलं की शिंग मऊ होतं, मग हवा तसा आकार. पण एक सांगतो, राग मानू नका. गवा संरक्षित प्राणी आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. त्याचं शिंग घरात असेल आणि वनखात्याकडे त्याची नोंद नसेल तर उद्या अडचण येऊ शकते. फोटो कुठेही टाकू नका, विकायचा तर विचारही नको.

खारेपाटणकर
बापरे. नोंद वगैरे काही केलेली नाही. आता काय करू?

सदाशिवपेठी
आधी चुलीपासून लांब ठेवा.

पशुवैद्य
खारेपाटणकर, घाबरण्याआधी तीन गोष्टी बघून सांगा. बुडाशी रंग कसा आहे? बूच काढल्यावर बुडाच्या तोंडाचा आकार कसा? आणि बुडाजवळ आडव्या कंगोऱ्या हाताला लागतात का?

खारेपाटणकर
आत्ताच गोठ्यात जाऊन टॉर्च लावून बघितलं. रंग बुडापासून टोकापर्यंत काळाच. बुडाचं तोंड गोल नाही, एका बाजूनं चपटं, जवळपास तिकोनी म्हणता येईल. फणसाचं बूचही तसंच तासलेलं आहे. कंगोऱ्या आहेत, वरच्या भागात घासून गुळगुळीत केल्यात पण खाली स्पष्ट लागतात.

पशुवैद्य
मग ती म्हैस आहे हो. गव्याचं शिंग बुडाकडे पिवळट-हिरवट असतं, काळं फक्त टोकाला, आणि कापलं तर लंबगोल दिसतं. चपटं, तिकोनी, कंगोरेदार नि सबंध काळं म्हणजे आपली पाळीव म्हैस. खात्री हवी तर जवळच्या सरकारी पशुवैद्याला दाखवा.

खारेपाटणकर
वैद्यबुवा, उपकार झाले! पण आमच्या थोरल्या काकांनी त्या गव्याची गोष्ट दर गणपतीत पोरांना सांगितलीय, पणजोबा झाडावर कसे चढले, गवा खाली कसा फुत्कारत होता. त्यांना काय सांगू?

रिकामटेकडा
म्हैस खाली फुत्कारत होती म्हणावं. आमची पण मारकुटी होती.